हद्दवाढ आणि आपत्कालीन सेवा मंडले : टेक्सासच्या एका कलमाचे विवरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास राज्यात एखाद्या शहराने लगतची जमीन आपल्या हद्दीत घेतली, आणि ती जमीन त्यापूर्वीच एखाद्या आपत्कालीन सेवा मंडलाच्या क्षेत्रात असली, तर तेथील आग विझविण्याची व रुग्णवाहिका धाडण्याची जबाबदारी कोणाकडे जाते, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारभाराचा वाटतो. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर ज्या कलमात दिलेले आहे ते कलम बारकाईने वाचू लागले म्हणजे असे दिसते की, हा प्रश्न जितका पैशाचा तितकाच शब्दांचाही आहे. 'राहतो', 'होतो', 'इच्छितो', 'थांबवील' अशा साध्या क्रियापदांवर तेथे कित्येक लक्ष डॉलरांचा आणि कधीकधी एखाद्याच्या प्राणाचाही निर्णय टांगलेला असतो. कायद्याची भाषा हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे त्यांना, तसेच स्थानिक स्वराज्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही, ह्या कलमाचे विवरण उपयुक्त वाटेल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम परिभाषेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजीतील 'डिस्ट्रिक्ट' ह्या शब्दाला आपण सवयीने 'जिल्हा' हा प्रतिशब्द योजतो. येथे तो चालणार नाही. टेक्सासमध्ये आपल्या जिल्ह्याशी काहीसे साम्य असलेला घटक म्हणजे काउंटी. अशा २५४ काउंट्या त्या राज्यात आहेत. 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे तेथे एखादे विवक्षित काम करण्यासाठी आखलेले, स्वतःची करवसुली असलेले आणि स्वतःचे नियामक असलेले क्षेत्र होय. शाळांचे डिस्ट्रिक्ट निराळे, पाणीपुरवठ्याचे निराळे, आग व रुग्णवाहिका यांचे निराळे; आणि ही सर्व एकाच भूमीवर एकमेकांवर पसरलेली असू शकतात. म्हणून ह्या लेखात 'मंडल' हा शब्द योजिला आहे. मराठीत 'मंडल' म्हणजे क्षेत्र आणि 'मंडळ' म्हणजे माणसांची संस्था असा एक सोयीचा भेद उपलब्ध आहे, जरी लेखनात दोन्ही रूपे वारंवार एकमेकांच्या जागी येतात. इंग्रजी शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि प्रस्तुत कलमातील अर्धीअधिक गुंतागुंत त्या सहवासातून निर्माण झालेली आहे. जमीन मंडलातून निघते, पण कर्ज मंडळाच्या डोक्यावर राहते.

दुसरा शब्द 'ॲनेक्सेशन'. मराठीत त्यासाठी 'हद्दवाढ' हा अगदी अस्सल शब्द आहे आणि तो महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांच्या वाचकांस नवा नाही. मात्र हा शब्द शहराच्या बाजूने बोलतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हद्द शहराची वाढते. ज्या जमिनीवर ती वाढते तिच्या बाजूने पाहिले तर तो 'समावेश' असतो, आणि जिच्या ताब्यातून जमीन जाते त्या संस्थेच्या बाजूने पाहिले तर ती 'वजावट' असते. एकाच घटनेला तीन नावे देता येणे हा मराठीचा ह्या बाबतीतला लाभ आहे. टेक्सासच्या कायद्याने तिसऱ्या अर्थासाठी निराळा, काहीसा ओबडधोबड शब्द घडविला आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'असमावेशन' असा होईल. आपण 'वगळणे' असे म्हणू.

आता ही मंडले आली कोठून ते पाहू. टेक्सासमधील काउंटीचा कारभार 'कमिशनर्स कोर्ट' नावाची सभा पाहते. नावात कोर्ट असले तरी ही सभा मुख्यतः प्रशासकीय आहे. काउंटी जज्ज आणि चार कमिशनर असे तिचे पाच सभासद असतात. शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागात आग विझविण्याचे काम परंपरेने गावोगावच्या स्वयंसेवकांनी केले. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर अशी माणसे भोंगा वाजला की हातातले काम टाकून बंबाकडे धावत, आणि बंबाचा खर्च वर्गणी, जत्रा व सहभोजने यांतून भागविला जाई. त्यांना करातून काही निश्चित उत्पन्न मिळावे म्हणून १९४९ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ग्रामीण अग्निप्रतिबंधक मंडलांची तरतूद झाली. त्या मंडलांना मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यावर सर्वसाधारणपणे ३ सेंटपर्यंत कर बसविता येई. पुढे वस्ती वाढली, रुग्णवाहिकेचे काम आगीच्या कामाइतकेच मोठे झाले, आणि १९८७ साली मतदारांनी आणखी एक घटनादुरुस्ती संमत करून आपत्कालीन सेवा मंडलांना मान्यता दिली. ह्यांची करमर्यादा दर १०० डॉलरांस १० सेंट ठरली. २००३ साली जुन्या अग्निप्रतिबंधक मंडलांचे ह्या नव्या मंडलांत रूपांतर करण्यात आले. आज अशी मंडले तीनशेहून अधिक आहेत. काही केवळ आग पाहतात, काही केवळ रुग्णवाहिका, काही दोन्ही; काही ठिकाणी आगीचे एक व रुग्णवाहिकेचे दुसरे अशी दोन मंडले एकाच घरावर आच्छादन धरून असतात.

मंडल जन्मास येते ते लोकांच्या अर्जातून. त्या क्षेत्रात करपात्र स्थावर मालमत्ता असलेल्या निदान १०० मतदारांनी अर्ज करावा, कमिशनर्स कोर्टाने सुनावणी घ्यावी, आणि मग मतदान व्हावे, असा क्रम आहे. कारभारासाठी पाच सभासदांचे मंडळ असते. बहुतेक काउंट्यांत ते नेमले जाते, काहींत निवडून येते. ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलस ह्या शहरांच्या परिघावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा सर्व इतिहास ठाऊक असेल असे नाही. परंतु घर शहराच्या हद्दीबाहेर असेल तर त्यांच्या वार्षिक करपत्रकातही ह्या मंडलाची एक स्वतंत्र ओळ बहुधा आढळते. तीन लक्ष डॉलर करपात्र मूल्याच्या घरावर, कर पूर्ण मर्यादेने बसविलेला असेल तर, ती ओळ ३०० डॉलरांची होते.

शहरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. टेक्सासच्या शहरांना १९१२ च्या घटनादुरुस्तीने, लोकसंख्या ५,००० हून अधिक असल्यास, स्वतःची सनद करून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि त्या सनदेच्या जोरावर त्यांनी भोवतालची जमीन रहिवाशांना न विचारता हद्दीत घेण्याची प्रथा पाडली. १९६३ च्या कायद्याने तिला प्रथम काही शिस्त लावली. वर्षाकाठी सर्वसाधारणपणे शहराच्या क्षेत्राच्या एक दशांशापर्यंतच वाढ करावी असे ठरले, आणि प्रत्येक शहराभोवती हद्दीबाहेरील अधिकारपट्टा आखला गेला. हा पट्टा लोकसंख्येनुसार लहान गावाभोवती अर्ध्या मैलाचा, तर लाखाच्या वरच्या शहराभोवती पाच मैलांचा असतो. ह्या पट्ट्यात शहर कर घेत नाही, पण भूखंडांच्या आखणीवर त्याची नजर असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्या पट्ट्यात आपत्कालीन सेवा मंडल स्थापावयाचे झाल्यास शहराची संमती मागावी लागते.

ह्या संमतीची रचना लक्षणीय आहे. शहराने साठ दिवसांत संमती दिली नाही तर तेथील बहुसंख्य मतदार व निम्म्या जमिनीचे मालक शहराकडे उलट अर्ज करू शकतात : मंडल नको असेल तर ह्या सेवा तुम्हीच आम्हांला द्या. शहराने तेही नाकारले, किंवा सहा महिने काहीच केले नाही, तर तो नकार वा ते मौनच मंडलास संमती समजण्यात येते. मौनाला संमतीचे लक्षण मानण्याची धारणा आपल्याकडेही जुनी आहे. येथे मात्र तिच्यापुढे एक पाऊल टाकून स्पष्ट नकारालाही संमतीचा अर्थ दिलेला आहे. 'नाही' ह्या शब्दाचा कायदेशीर परिणाम 'होय' असा व्हावा, हे वाचून भाषाभ्यासकाने क्षणभर थांबावे. पण तर्क उघड आहे. जो स्वतः पाणी देणार नाही त्याला दुसऱ्याची विहीर अडविता येऊ नये.

म्हणजे बहुतेक ठिकाणी मंडलाच्या जन्मकाळी शहर एका अर्थाने साक्षीला होते. पुढे वीसपंचवीस वर्षांनी तेच शहर त्याच पट्ट्यात हद्दवाढ करते. आणि येथे आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ७७५ व्या प्रकरणातील ते कलम पुढे येते. २०१९ च्या सुमारास ते जसे होते तसा त्याचा गाभा सांगतो.

हद्दवाढीचे बाकी सर्व सोपस्कार शहराने पूर्ण केले, आणि ती जमीन मंडलातून काढून तेथील आपत्कालीन सेवेचा एकमेव पुरवठादार आपणच व्हावे असा शहराचा इरादा असला, तर शहराने तसे लेखी मंडळाच्या चिटणिसास नोंदणीकृत, पोहोचपावतीच्या टपालाने कळवावयाचे असते. ते पत्र चिटणिसाच्या हाती पडेपर्यंत जमीन मंडलातच राहते आणि शहराची होत नाही. पत्र हाती पडताच मंडळाने आपल्या दप्तरात ती जमीन वगळल्याची नोंद करावी आणि तेथील रहिवाशांची सेवा थांबवावी. शेवटी असेही सांगितले आहे की, ह्या तरतुदीमुळे शहरावर जमीन मंडलातून काढण्याचे बंधन येत नाही.

वाक्ये साधी आहेत. परंतु त्यांचा अन्वय लावू गेले म्हणजे पहिली चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. शहराचा इरादा जमीन काढण्याचा असेल तर हद्दवाढ पत्र पोहोचल्याच्या क्षणी पुरी होते. इरादा तसा नसेल तर पत्राचा प्रश्नच नाही, आणि हद्दवाढ शहराच्या ठरावानेच आपल्या वेळी पुरी होते. एकच ठराव, एकच नकाशा, पण घटना केव्हा घडली हे कर्त्याच्या मनातल्या हेतूवर अवलंबून. आणि हेतू तर केवळ त्या पत्रावरूनच कळणार. ऑस्टिन ह्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत तर वस्तुस्थिती घडवितात, हा विचार मांडला. प्रस्तुत पत्र ह्याचे सुरेख उदाहरण आहे. कायदा त्याला 'त्या गोष्टींची सूचना' म्हणतो. म्हणजे व्याकरणाने ते निवेदन आहे, बातमी आहे. प्रत्यक्षात मात्र ज्या गोष्टीची ते बातमी देते ती गोष्ट त्या बातमीनेच पूर्ण होते. टपालवाल्याने पाकीट देऊन सही घेतली की सीमा सरकते.

ही रचना केवळ तांत्रिक हौसेतून आलेली नाही. आग लागलेल्या घरापाशी दोन बंब आले तर नुकसान नाही. एकही आला नाही तर काय होते ते सांगावयास नको. दोन संस्थांमध्ये जबाबदारी हस्तांतरित होताना मधे एक दिवस, एक रात्र अशी राहू नये की जेव्हा दोघांनीही 'ती दुसऱ्याची' असे समजावे. म्हणून कायद्याने एकाच क्षणाला दोन क्रियापदे बांधून टाकली : मंडलात 'राहते' आणि शहराची 'होत नाही'. जोवर पहिले खरे आहे तोवर दुसरेही खरे. मधे फट ठेवलेली नाही. ह्या दृष्टीने पाहता, इतके चोख वाक्य कायद्याच्या पुस्तकांत फार थोडे सापडेल.

दुसऱ्या वाक्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. सेवा थांबवावयाची ती कोणाची? 'तेथील रहिवाशांची'. समजा, वगळलेला भाग म्हणजे महामार्गालगतची पट्टी आहे. तेथे रहिवासी नाहीतच, आहेत ती दुकाने, पेट्रोलपंप आणि भरधाव जाणाऱ्या मोटारी. अपघातात सापडलेला प्रवासी दूरच्या गावचा; तो 'तेथील रहिवासी' नव्हे. अक्षरार्थ घेतला तर त्याच्यापुरती मनाई लागूच होत नाही. व्यवहारात असा कीस कोणी काढीत बसत नाही, कारण शेजारी संस्थांमध्ये परस्परसाहाय्याचे करार असतात आणि नियंत्रण कक्ष जवळची गाडी धाडतो. तरीही ज्या मसुदाकाराने आधीच्या वाक्यात इतकी काळजी घेतली त्याच्या हातून येथे 'क्षेत्र' ह्या शब्दाऐवजी 'रहिवासी' हा शब्द का पडला असावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मला वाटते, त्याच्या डोळ्यांपुढे घरे होती. मंडले जन्मली ती घरांसाठी. हद्दवाढ होते ती पुष्कळदा दुकानांसाठी.

ही गोष्ट पैशाच्या भागाकडे नेते. जमीन वगळली गेली तरी मंडळाचे रोखे व इतर कर्ज शिल्लक असतेच. धनकोंचे हक्क ह्यामुळे कमी होत नाहीत असे कलम निक्षून सांगते. मग त्या जमिनीच्या वाट्याचे कर्ज कोणी फेडावे? शहराने, आणि तेही वगळण्यामागोमाग. वाटा काढण्याचे सूत्र असे : मंडळाचे एकूण कर्ज गुणिले एक अपूर्णांक, त्या अपूर्णांकाचा अंश म्हणजे घेतलेल्या जमिनीचे करमूल्य आणि छेद म्हणजे सबंध मंडलाचे करमूल्य, दोन्ही हद्दवाढीच्या वेळच्या अखेरच्या प्रमाणित करपत्रकाप्रमाणे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मंडलाचे एकूण करमूल्य ८० कोटी डॉलर, कर्ज ४० लाख डॉलर. शहराने महामार्गालगतचा ६ कोटी डॉलर मूल्याचा भाग घेऊन वगळला. वाटा झाला साडेसात टक्के. शहराने ३ लाख डॉलर द्यावयाचे. हिशेब चोख दिसतो. आता उत्पन्न पाहा. दहा सेंटांच्या दराने मंडळाचे वर्षाचे उत्पन्न ८ लाख डॉलर होते; त्यातून ६० हजार दरसाल गेले, म्हणजे तेही साडेसात टक्केच. येथपर्यंत प्रमाण जुळते. जुळत नाही ते खर्चाचे. ठाणे साडेसात टक्क्यांनी लहान करता येत नाही. बंबाचा साडेसात टक्के भाग विकता येत नाही. रात्रपाळीला चार माणसे लागतात ती चारच लागतात. कर्ज विभाज्य आहे, सामर्थ्य अविभाज्य आहे. कलमाने विभाज्य गोष्टीची विभागणी केली आणि अविभाज्य गोष्टीचा प्रश्न उरलेल्या शेतवस्त्यांवर सोडून दिला. शिवाय जो भाग गेला तो क्षेत्रफळाने बहुधा अल्प असतो. चौकातली दुकाने गेली, पण तिच्यापलीकडच्या वीस मैलांच्या रस्त्यांची राखण तशीच राहिली, आणि ती आता कमी पैशांत करावयाची.

इमारतीबद्दलही तरतूद आहे. वगळलेल्या भागात सेवा देण्यासाठी वापरली जाणारी ठाणी, गाड्या, साहित्य मंडळाने मागणी केल्यास शहराने रास्त बाजारभावाने विकत घ्यावी. त्याच वस्तूवरील कर्जाची भरपाई शहराने आधी केली असेल तर किंमत तेवढी उतरावी, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा पडू नयेत. मागणीचा हक्क मंडळाचा आहे, शहराचा नव्हे. मंडळ विकावयास तयार नसेल तर ह्या कलमान्वये शहराला ठाणे मागता येत नाही. हा हक्क चांगला, परंतु तो बजावणे नेहमी सोपे नसते. ज्या ठाण्यातून वगळलेल्या भागाबरोबर उरलेल्या भागाचीही राखण होते ते विकले तर पैसे मिळतात आणि ठाणे जाते. ठेवले तर मंडलाचे ठाणे शहराच्या हद्दीत उभे राहते आणि तेथून बाहेर पडून पहिले मैलभर अशा रस्त्यावरून बंब न्यावा लागतो की ज्याच्या दुतर्फा घरांशी त्याचा आता कागदोपत्री संबंध नाही. ह्यात विम्याचाही धागा गुंतलेला आहे. अमेरिकेत अग्निरक्षणाच्या सिद्धतेवरून वस्त्यांना एक ते दहा अशा श्रेणी देण्याची पद्धत आहे. एक सर्वोत्तम, दहा म्हणजे रक्षण नसल्यासारखेच. घर ठाण्यापासून रस्त्याने पाच मैलांच्या आत आहे की नाही, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तेव्हा एका ठाण्याच्या विक्रीचा परिणाम दूरच्या शेतघराच्या विम्याच्या हप्त्यापर्यंत पोहोचू शकतो.

शहर वगळतच नाही असेही घडते. मघाशी पाहिलेले शेवटचे वाक्य त्याला तशी मुभा देते. मग रहिवाशाला शहराचा कर द्यावा लागतो आणि मंडलाचाही. शहराला अग्निशामक दल वाढविण्याचा खर्च वाचतो, मंडळाचे उत्पन्न टिकते. नाराज होतो तो करदाता. ही व्यवस्था अन्यायाची आहे असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही. ज्या मंडळाचे ठाणे दारापाशी आहे आणि ज्या शहराचे ठाणे सहा मैलांवर आहे, तेथे दुहेरी कर देऊनही रहिवाशाचा लाभच असू शकेल. मात्र ही निवड त्याची नसते. ती शहराने, पत्र न धाडून, केलेली असते. येथेही मौनच बोलते.

विक्रीकराचा प्रश्न याहून नाजूक आहे. टेक्सासमध्ये राज्याच्या सव्वासहा टक्के विक्रीकरावर स्थानिक संस्थांना सर्व मिळून दोन टक्क्यांपर्यंतच कर बसविता येतो. शहर, सेवा मंडल आणि अन्य संस्था ह्या सर्वांनी ह्या दोन टक्क्यांतच आपापली जागा शोधावयाची. मंडलाच्या मतदारांनी आधीच विक्रीकर मंजूर केला असेल तर नंतर आलेल्या शहराला तेथे जागा अपुरी पडते. आणि शहर आधी असेल तर मंडलाला तेवढा भाग आपल्या विक्रीकरातून बाजूस ठेवावा लागतो. म्हणून काही मंडलांत मालमत्ता कराची सीमा एक आणि विक्रीकराची सीमा दुसरी असे नकाशे पाहावयास मिळतात. ज्या चौकात मोठी दुकाने होऊ घातली आहेत त्याकडे दोघांचीही दृष्टी का लागते, हे ह्यावरून उमगेल.

ह्या सर्व संघर्षाला गेल्या काही वर्षांत निराळे वळण लागले आहे. ह्यूस्टनने १९९६ साली किंगवुड ही मोठी वसाहत रहिवाशांच्या विरोधास न जुमानता हद्दीत घेतली. त्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर १९९९ साली विधिमंडळाने हद्दवाढीपूर्वी तीन वर्षांच्या योजनेचे बंधन अनेक प्रकरणांत घातले. २०१७ साली मोठ्या काउंट्यांतील शहरांना रहिवाशांची संमती घेणे भाग पडले आणि २०१९ च्या मे महिन्यात अमलात आलेल्या कायद्याने, थोडे अपवाद सोडता, संमतीवाचून हद्दवाढ करण्याचा शहरांचा अधिकारच संपविला. २०२३ च्या सप्टेंबरपासून तर हद्दीबाहेरील अधिकारपट्ट्यातूनही बाहेर पडण्यासाठी मालकांना वा मतदारांना अर्ज करता येऊ लागला.

ह्यामुळे मंडलांचा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटले असेल. वस्तुतः त्याचे स्वरूप बदलले. संमती कोणाची, हे पाहिले पाहिजे. जमिनीच्या मालकाची, किंवा तेथे राहणाऱ्या मतदारांची. सेवा देणाऱ्या मंडळाची नव्हे. वसलेली वसाहत क्वचितच आपण होऊन शहराचा कर मागून घेते. संमतीचा अर्ज घेऊन येतो तो ओसाड शेताचा एकटा मालक, ज्याला तेथे घरे बांधावयाची आहेत आणि त्यासाठी शहराचे पाणी व मलवाहिनी हवी आहे. सेवांचा लेखी करार होतो तोही शहर आणि हा मालक ह्यांच्यात. मतदार तेथे एकही नसतो. जे पुढे राहावयास येणार त्यांची नावे अद्याप कोणालाच ठाऊक नसतात.

आता मघाचे सूत्र ह्या शेताला लावून पाहा. टेक्सासमध्ये १९७८ च्या घटनादुरुस्तीपासून शेतजमिनीचे करमूल्य बाजारभावावर नव्हे, तर तिच्या उत्पादनक्षमतेवर ठरविता येते. समजा, २०० एकरांचे शेत, एकरी करमूल्य ३०० डॉलर. एकूण ६० हजार. वरच्याच मंडलात, वरच्याच कर्जावर, शहराने द्यावयाची भरपाई येते ३०० डॉलर. चार वर्षांनी त्याच शेतात २०० घरे उभी राहिली, प्रत्येकी ३ लाख डॉलरांची, तर मूल्य होते ६ कोटी. हद्दवाढ घरे झाल्यानंतर झाली असती तर भरपाई ३ लाख डॉलर होती. जमीन तीच, सूत्र तेच, फरक हजारपट. आणि तो केवळ 'हद्दवाढीच्या वेळच्या' ह्या एका कालवाचक विशेषणाचा. सूत्र लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते की शहर वाढते ते वसलेल्या भागावर. नव्या कायद्याने शहराला मोकळ्या रानाकडे वळविले, आणि जुन्या सूत्रातील काळ तेथे भूतकाळातच अडकून पडला.

ह्यावर असे म्हणता येईल की मंडळाने त्या २०० घरांसाठी खर्च केलेलाच नव्हता, मग भरपाई कसली? ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पाण्याचा टाका असलेल्या बंबाची किंमत मोठी असते आणि तो विकत घेण्याचा निर्णय दहापंधरा वर्षांच्या अंदाजाने केला जातो. शहराच्या वाटेवरचे मंडल कर्ज काढते ते आजच्या गवताळ रानाकडे पाहून नव्हे. तेथे काय उगवणार आहे हे त्याला दिसत असते. ती वाढ नेमकी अलगद काढून घेतली गेली की मागे राहतात ते कर्जाचे हप्ते आणि जुनी विरळ वस्ती.

ह्याला उपाय म्हणून शहर व मंडळ ह्यांच्यात आधीच करार करून ठेवण्याचा मार्ग मोकळा आहे. जमीन मंडलातच ठेवावी आणि शहराने काही रक्कम द्यावी, किंवा दोघांनी मिळून एक ठाणे चालवावे, किंवा काही वर्षे उत्पन्नाचा वाटा मंडळाकडे वळवावा, असे त्याचे प्रकार संभवतात. पाणीपुरवठ्याच्या मंडलांच्या बाबतीत १९९५ पासून अशा भागीदारीच्या करारांना कायद्याने स्वतंत्र चौकट दिलेली आहे, आणि तिचा उपयोग ह्यूस्टनने मुबलक केला. आगीच्या मंडलांचे पाठबळ त्या मानाने तोकडे. पाण्याचे मंडल शहराला हवे असते, कारण त्याच्यापाशी नळ आहेत, विहिरी आहेत, ग्राहक आहेत. आगीच्या मंडलापाशी विकण्याजोगे काय असते? एक इमारत, दोनतीन गाड्या आणि कोठे कोणत्या वाटेने लवकर पोहोचता येते ह्याचे ज्ञान असलेली काही माणसे. ह्यांपैकी पहिल्या दोहोंची किंमत कलमात आली आहे.

तिसऱ्याबद्दल कलमात एकही शब्द नाही. ठाणे शहराने विकत घेतले तरी तेथील माणसांना नोकरीत घ्यावे असे त्यात म्हटलेले नाही. स्वयंसेवकांचा तर उल्लेखच नाही. शहराचे दल पगारी असते, त्याच्या प्रवेशपरीक्षा निराळ्या, वयोमर्यादा निराळी. वीस वर्षे त्याच रस्त्यावर बंब हाकलेला मनुष्य त्या दिवसापासून त्याच रस्त्यावरचा केवळ एक रहिवासी होतो, आणि त्याच्या घराला आग लागली तर जो बंब येईल त्याच्या चालकाला पत्ता नकाशात पाहावा लागेल.